जुन्या कॉम्प्युटरला आधी एसएसडी की आधी रॅम?

जुना कॉम्प्युटर हळू झालाय, तर आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) घ्यावी की रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) वाढवावी? इंदुरात सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजाराची चक्कर मारण्याआधी घरीच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा. रोजचं काम चालू ठेवून ‘परफॉर्मन्स’मधले आकडे पाहा.

डिस्क सतत १०० टक्के, मेमरी मात्र साठ-सत्तर? मग एसएसडी. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा (हार्ड डिस्कची नेहमीची जोडणी) एसएसडी ५०० च्या आसपास. पण खरा फरक विखुरलेल्या बारीक फायलींत पडतो. हार्ड डिस्कचं हेड (वाचणारं टोक) प्रत्येक फाइलसाठी जागा शोधत फिरतं, आणि विंडोज सुरू होताना किंवा अपडेट बसताना हेच हजारो वेळा घडतं. म्हणून तर लोक कंटाळून अपडेट पुढे ढकलतात, आणि सुरक्षेची भोकं तशीच राहतात. घरच्या कामाला २५६ जीबी पुरते. क्लोन करण्याआधी, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवण्याआधी, बॅकअप घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, कागदावर उतरवा.

मेमरी ८५ टक्क्यांपुढे असेल तर रॅम. इथे एक गफलत होते: ४ जीबी भरली की विंडोज डिस्कवरची पेजफाइल (रॅममध्ये न मावणारं ठेवायची जागा) वापरतं, त्यामुळे डिस्कही १०० दाखवते आणि दोष तिच्यावर जातो. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या खाचा वेगळ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. काहींत रॅम बोर्डावरच डाग दिलेली असते; जोडीला मोकळी खाच नसेल तर विषय संपला.

दोन्ही आकडे वर आणि पैसे एकापुरतेच असतील, तर आमचं मत एसएसडीला. पेजफाइलही मग तिच्यावरूनच धावते.