वर्कशॉप रत्नागिरीहून मालवणला: रिटर्न भाड्याच्या पिकअपवाल्या भावांचा अनुभव

आधी निकाल सांगते. रंधा मशीन, ड्रिल प्रेस, हाताची हत्यारं आणि लाकडाच्या फळ्या असं सामान कोकणात हलवायचं असेल, तर आधी घरी येऊन माल बघून जाणारा पिकअपवाला शोधा. मला मालवणकडचे दोघे भाऊ मिळाले. कंपनी नाही, पाटी नाही, एक बोलेरो पिकअप आणि एक छोटा हत्ती. आंब्याच्या दिवसांत ते रत्नागिरीकडे माल घेऊन येतात आणि परतीचं भाडं मिळालं तर कमी दरात नेतात. रत्नागिरीत नाचणे इथल्या आमच्या भाड्याच्या घरामागच्या पडवीत माझं सुतारकामाचं दुकान होतं, ते सगळं त्यांनी मालवणजवळच्या कुंभारमाठला नीट पोचवलं.

त्याआधी मी एका पॅकर्स-मूव्हर्स कंपनीला फोन केला होता. पहिला प्रश्न, "मॅडम, किती बीएचके?" मी मशीनचं वजन सांगितलं, टेबल ओतीव लोखंडाचं आहे म्हटलं, तर उत्तर आलं, "घरसामानातच बसवू." बघायला कोणी येणार नव्हतं. किंमत मात्र दहा मिनिटांत मोबाईलवर आली. घरातलं कपाट आणि रंधा मशीन ज्याला सारखंच वाटतं, त्याच्या हातात मी मशीन देणार नाही. तिथेच तो विषय संपवला.

या भावांचा नंबर मला सॉमिलमध्ये मिळाला. थोरला भाऊ आंब्याच्या पेट्या उतरवून झाल्यावर संध्याकाळी घरी आला, पडवीत फिरला, मशीनला हात न लावता खाली वाकून बूड बघितलं आणि विचारलं, "लाकूडपण नेवचा हा? मगे कागद खंय?" इथेच माझा विश्वास बसला. भारतीय वन अधिनियम १९२७च्या कलम ४१ खाली लाकडाच्या वाहतुकीचे नियम राज्य सरकार करतं, आणि सागासाठी वनखात्याचा पास लागतो. माझ्याकडे फणसाच्या आणि सागाच्या फळ्या होत्या, सॉमिलची बिलं फाईलमध्ये होती. ती घेऊन वनखात्याच्या कार्यालयात जाऊन रीतसर काम करून घेतलं. रस्त्यात अडवलं तर गाडी त्याची अडकणार आणि वेळही त्याचाच जाणार, म्हणून त्याने आधीच विचारलं. फोनवर दर सांगणाऱ्या कंपनीने लाकडाचा ल सुद्धा काढला नव्हता.

पॅकिंग त्यांचं नाही, ते तुमचं तुम्ही करायचं. मला ते बरंच वाटलं, कारण हत्यारांचं पॅकिंग दुसऱ्याने करूच नये. आपल्याकडे हत्याराचा खरा वैरी धक्का नव्हे, खारी हवा आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की साधं मीठच पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात एवढी आर्द्रता रोजचीच. बोटांच्या घामातही मीठ असतं. रंध्याचं पातं उघड्या हाताने धरून तसंच गुंडाळून ठेवलं, तर काही दिवसांनी त्यावर बोटांचे ठसे तांबूस गंजात जसेच्या तसे उमटलेले दिसतात. म्हणून मी प्रत्येक पातं आणि पटाशी आधी कोरड्या फडक्याने पुसली, शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात दिला, मग हातमोजे घालून व्हीसीआय (गंजरोधक) कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली. या कागदातून निघणारी वाफ धातूवर बसून गंज अडवते, पण पिशवी नीट बंद असली तरच. उघड्या खोक्यात नुसता कागद टाकून उपयोग नाही. वर्तमानपत्र मुळीच वापरू नका, ते ओल धरतं.

खोक्यांसाठी आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्या घेतल्या. हल्ली पुठ्ठ्याचेच बॉक्स जास्त दिसतात, पण बागवाल्यांकडे लाकडी पेट्या अजून पडलेल्या असतात. रंधे उभे न ठेवता आडवे, मध्ये जुन्या चादरीच्या घड्या. आतला पेंढा काढून टाका, तो दमट असतो. करवतीच्या पात्यांच्या दातांवर मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या चढवल्या, कारण कार्बाइडचा दात कठीण असला तरी ठिसूळ असतो, दुसऱ्या पात्यावर आपटला की कपचा उडतो.

आता मुख्य गोष्ट, रंधा मशीन. मोटर आणि पट्टा मी आधीच काढला होता, कटरब्लॉकमधली पातीही काढून वेगळी ठेवली होती. मशीन तरी चार माणसांचं. हमालांपैकी एकाने सवयीने पुढच्या टेबलाला हात घातला, तसा धाकटा भाऊ ओरडला, "टेबलाक हात लावचो नाय! बुडाक धरूचा!" हे त्याला मी सांगितलेलं नव्हतं. मशीन टेबलाला धरून उचललं की दोन्ही टेबलं एका पातळीत राहत नाहीत, मग लाकूड सरळ निघत नाही आणि ती परत बसवायला जीव जातो. सुंभाचा दोर बुडाखालून दोनदा घेतला, वर वासा घातला, चौघांनी खांद्यावर घेऊन पडवीची पायरी उतरवली. गाडीला दोन जाड फळ्या लावल्या होत्या, त्यावरून पुढून दोर ओढत आणि मागून पहारीने आधार देत मशीन वर चढवलं. केबिनच्या पाठीला टेकवून, खाली गोणपाटं घालून, चारही कोपऱ्यांतून बांधलं. वजन पुढे घेतल्यामुळे गाडी रस्त्यावर स्थिर राहिली. ड्रिल प्रेस डोक्यात जड असतो, म्हणून डोकं खांबावरून सोडवून वेगळं आडवं नेलं. टेबलांवर आधी मेणाचा हात देऊन वर प्लायवूड बांधलं होतं. माझं कामाचं बाक ऐनाच्या लाकडाचं, कुसूचे सांधे आणि पाचरी, ते सुटं करूनच दिलं.

फळ्या त्यांनी तळाला सपाट पसरल्या, मध्ये एकसारख्या पट्ट्या टाकून. उभ्या टेकवल्या असत्या तर दीडशे किलोमीटरच्या वरच्या प्रवासात वाकायची भीती होती.

हातखंब्यापासून लांज्यापर्यंत रस्त्याचं काम अर्धवट होतं, तिथे गाडी मुद्दाम हळू चालवली. खारेपाटणनंतर रस्ता चांगला. त्याआधी राजापूरजवळ वळवाची सर आली. ताडपत्री मागच्या बाजूला अपुरी पडत होती, ते धाकट्याच्या लक्षात आलं, तर पेट्रोल पंपाच्या छपराखाली गाडी घेऊन त्याने दुसरी ताडपत्री काढली आणि सगळं परत बांधलं. फळ्यांची टोकं थोडी भिजली होती, पेट्यांना पाणी लागलं नव्हतं. कसालला हायवे सोडून कुंभारमाठला पोचेपर्यंत रात्र झाली.

उणीही सांगते. ठरलेल्या वेळेपेक्षा चार तास उशिरा आले, कारण पेट्या उतरवायला वेळ लागला. त्या हंगामात हे होणारच, पण फोन करायला हवा होता. विमा नाही, पक्कं जीएसटी बिल नाही, हाताने लिहिलेली पावती मिळते. ज्यांना ऑफिसकडून खर्च परत घ्यायचा आहे त्यांचं काम यांच्याकडे होणार नाही. बाकाच्या एका पायाला पायरीवर खोक पडली. ती त्यांनी स्वतःहून दाखवली आणि भाड्यातून पैसे कमी करतो म्हणाले. मी घेतले नाहीत. तो पाय मीच घडवलेला, परत रंधून घेईन.

भाडं साडेसात हजार, रत्नागिरीतल्या दोन हमालांचे पंधराशे वेगळे. मालवणला उतरवायला त्यांनी गावातली दोन माणसं बोलावली, त्यांचा चहा-नाश्ता आणि हजार रुपये मी दिले. कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून हे कमी झालं.

दुसऱ्या दिवशी पाणसळ आणि लोखंडी पट्टी घेऊन मशीन तपासलं. दोन्ही टेबलं एका रेषेत, पट्टीखालून कुठेही उजेड दिसला नाही. गुण्या लावून फेन्स (लाकूड टेकवायची उभी पट्टी) बघितलं, तेही काटकोनात. पाती बसवली, मोटर जोडली आणि फणसाचा एक तुकडा काढून बघितला, पिवळाधमक आणि सरळ निघाला. पटाश्यांवर गंजाचा ठिपका नाही.

यांना सांगायचं असेल तर मशीनचं वजन अंदाजाने न सांगता फोटो पाठवा आणि लाकूड असेल तर जात सांगा. रिटर्न भाडं आंबा चालू असतानाच मिळतं, पण तेव्हा वेळ त्यांच्या सोयीची. मे संपता संपता गाड्या मोकळ्या होतात, पण रिटर्न भाडं नसल्यामुळे दर वाढतो, तरी मृगाच्या आत हलवा. काचेची कपाटं आणि शोभेच्या वस्तू जास्त असतील तर दुसरं कोणी बघा, ते यांचं काम नाही.