टॉम२० साठी कोणती अँटीबॉडी घ्यावी: सशाची रिकॉम्बिनंट, उंदराची मोनोक्लोनल की पॉलिक्लोनल?

पेशीतले मायटोकॉन्ड्रिया दाखवायचे म्हटले की बहुतेक लॅबमध्ये पहिले नाव निघते ते टॉम२०चे. मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावर बसलेले हे जेमतेम १४५ अमिनो आम्लांचे प्रथिन. पेशीद्रवातून आत जायला आलेल्या प्रथिनांची ओळख तेच पटवते. रंग चांगला बसला तर मायक्रोस्कोपखाली मायटोकॉन्ड्रियाचे अख्खे जाळे लख्ख उमटते. पण कॅटलॉगमध्ये याच्या इतक्या अँटीबॉडी (नेमके प्रथिन ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने) आहेत की नवीन विद्यार्थी गांगरतो आणि शेवटी स्वस्तातली किंवा सिनियरने वापरलेली मागवतो. या दोन्ही कारणांवरून ठरवू नका.

पॉलिक्लोनल म्हणजे सशाला टोचून त्याच्या रक्तातून काढलेले मिश्रण. एकाच प्रथिनाच्या अनेक जागा ती ओळखते, त्यामुळे सिग्नल भरपूर मिळतो आणि फिक्सेशनमध्ये (पेशी रसायनाने स्थिर करताना) एखादी जागा झाकली गेली तरी काम अडत नाही. पण ससा बदलला की लॉट, म्हणजे त्या खेपेची अँटीबॉडी, बदलते. टॉम२० वरच्या कित्येक जुन्या पेपरांत सांताक्रूझ कंपनीची एफएल-१४५ ही सशाची पॉलिक्लोनल दिसेल. २०१६ मध्ये प्राण्यांच्या हेळसांडीच्या आरोपांवरून त्या कंपनीने अमेरिकेच्या कृषी खात्याशी तडजोड केली, ३५ लाख डॉलरचा दंड भरला आणि सशा-शेळ्यांच्या पॉलिक्लोनलचा धंदा बंद केला. एफएल-१४५ बाजारातून गेली. तिच्यावर बेतलेले प्रोटोकॉल ज्यांच्याकडे होते, त्यांना सगळे पुन्हा बसवणे भाग पडले. पाच वर्षांच्या पीएचडीत मधेच असे झाले तर केवढा वेळ जातो, हे वेगळे सांगायला नको.

उंदराची मोनोक्लोनल १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी दाखवलेल्या हायब्रिडोमा पद्धतीची, म्हणजे अँटीबॉडी बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून मिळवलेली. पेशींची एकच वंशावळ, म्हणून अँटीबॉडीही एकच, असे आपण शिकतो. प्रत्यक्षात २०१८ च्या एका अभ्यासात १८५ हायब्रिडोमा तपासले, तर जवळपास एक तृतीयांशांत जादाच्या जड किंवा हलक्या साखळ्याही तयार होत होत्या. मोनोक्लोनल लिहिलेल्या कुपीत भेसळ असू शकते ती अशी. शिवाय नमुना उंदराच्या मेंदूचा किंवा यकृताचा असेल, तर उंदराविरुद्धची सेकंडरी (पहिल्या, म्हणजे प्रायमरी अँटीबॉडीला चिकटून रंग दाखवणारी दुसरी अँटीबॉडी) त्या ऊतीतल्या मूळच्या अँटीबॉडींनाही चिकटते आणि बॅकग्राउंड चढते. त्यावर उपाय आहेत, पण सशाची प्रायमरी घेतली तर तो प्रश्नच येत नाही.

सशाच्या रिकॉम्बिनंट मोनोक्लोनलमध्ये चांगल्या अँटीबॉडीच्या दोन्ही साखळ्यांचा जनुकक्रम काढून तो प्लास्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या वर्तुळात) घालतात आणि मानवी किंवा हॅमस्टरच्या संवर्धित पेशींकडून ती बनवून घेतात. क्रम हातात आहे, म्हणून दहा वर्षांनीही तीच अँटीबॉडी बनू शकते. सशाच्या अँटीबॉडींची पकडही बऱ्याचदा घट्ट असते. वायकेरोस या गटाने २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटीबॉडी जनुक बाद केलेल्या पेशींवर तपासल्या. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवून तपासतात त्यात) रिकॉम्बिनंटपैकी ६७ टक्के खऱ्या उतरल्या, साध्या मोनोक्लोनलपैकी ४१ आणि पॉलिक्लोनलपैकी २७. इम्युनोफ्लुरोसन्समध्ये (चमकत्या रंगाने पेशीत प्रथिन दाखवतात त्यात) मात्र रिकॉम्बिनंटही ४८ टक्क्यांवरच थांबल्या. म्हणजे लेबलवर रिकॉम्बिनंट आहे एवढ्यावर विसंबायचे नाही. आणि लेबल नीट वाचा: ‘रॅबिट मोनोक्लोनल’ असे असले म्हणजे ती रिकॉम्बिनंट असेलच असे नाही.

टॉम२० साठी ॲबकॅमची ईपीआर१५५८१-५४ आणि सेल सिग्नलिंगची डी८टी४एन या सशाच्या मोनोक्लोनल आहेत. उंदराची हवी असेल तर सांताक्रूझची एफ-१०. माझा कल सशाच्या रिकॉम्बिनंटकडे आहे, पण निर्णय खरा अडतो तो जोडीदारावर, म्हणजे त्याच नमुन्यावर वापरायच्या दुसऱ्या अँटीबॉडीवर: दोन रंग वेगळे दिसायला दोन्ही वेगळ्या प्राण्यांच्या हव्यात. पार्किन या प्रथिनासाठी उंदराची पीआरके८ वापरणार असाल, तर टॉम२० सशाचीच घ्या. उलट तुमच्या मुख्य प्रथिनाची भरवशाची अँटीबॉडी सशाचीच असेल, तर दोन रंगांसाठी टॉम२० उंदराची घ्यावी लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही. आधी फ्रीजमध्ये काय आहे ते पाहा, मग ऑर्डर द्या.

ब्लॉटबद्दल थोडे. टॉम२० चा बँड १६ ते २० किलोडाल्टनच्या आसपास येतो. इतके छोटे प्रथिन ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून आरपार निघून जाऊ शकते, ०.२ ची वापरा, जेल १५ टक्क्यांचे घ्या, ट्रान्सफर लांबवू नका. बँड फिका आला की लोक अँटीबॉडीला दोष देतात, आणि दोष असतो मेम्ब्रेनचा. त्याच ब्लॉटवर कॉक्स-४ या मायटोकॉन्ड्रियाच्याच दुसऱ्या प्रथिनाने नॉर्मलाइज करायचा (तुलनेचे माप धरायचा) मोह टाळा, तो १७ वर येतो आणि दोन्ही बँड एकमेकांवर बसतात. ३२ च्या आसपासचा व्हीडॅक किंवा ६० चा एचएसपी६० बरा.

मात्र मायटोफॅजी (पेशीने खराब मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढणे) मोजायची असेल, तर अँटीबॉडीची जात कोणतीही घ्या, टॉम२० एकट्याने पुरणार नाही. सीसीसीपी हे मायटोकॉन्ड्रिया बिघडवणारे रसायन दिल्यावर पार्किन बाहेरच्या पटलावरच्या प्रथिनांना युबिक्विटिनची खूण लावते आणि त्यातली बरीच प्रोटिएसोममध्येच (पेशीतल्या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेत) संपतात. टॉम२० चा सिग्नल गेला, तरी आतला मायटोकॉन्ड्रिया तिथेच असू शकतो. अशा प्रयोगात एचएसपी६० सारखे आतल्या गाभ्यातले प्रथिन सोबत तपासा. व्हीडॅकही बाहेरच्याच पटलावरचा, त्यामुळे इथे तो चालणार नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. रिकॉम्बिनंटची कुपी बहुधा महाग पडते. पण तुलना कुपीच्या किमतीची करू नका, एका ब्लॉटला किती रुपये पडतात ते काढा: किती मायक्रोलिटर मिळते आणि किती डायल्युशनला (किती पट पातळ करून) चालते. डिस्ट्रिब्यूटरकडे छोट्या पॅकची चौकशी आवर्जून करा. कुपी आली की पहिल्याच आठवड्यात एसआयआरएनएने (जनुकाचे काम दाबणाऱ्या छोट्या आरएनएने) टॉम२० कमी केलेल्या पेशी आणि साध्या पेशी शेजारी-शेजारी चालवा. बँड त्या प्रमाणात उतरला नाही, तर तो ब्लॉट जोडून लगेच कंपनीला मेल करा. बदलून देण्याची मुदत संपायच्या आत.