लँथॅनाइडांच्या ऑक्सिडीकरण अवस्था : संरूपणाचा नियम की आयनीकरण ऊर्जेचे आकडे?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात लँथॅनाइडांच्या, म्हणजे लँथॅनमपासून सुरू होणाऱ्या मूलद्रव्यमालेच्या, ऑक्सिडीकरण अवस्था (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले हे सांगणारे +२, +३, +४ हे आकडे) समजून घेण्याच्या दोन वाटा समोर येतात. अणूचे संरूपण, म्हणजे इलेक्ट्रॉनांची मांडणी, घेऊन ४एफ कक्षिका (१४ इलेक्ट्रॉन मावणारी आतली जागा) रिकामी, अर्धपूर्ण की पूर्ण एवढेच पाहायचे ही एक, आणि तिसऱ्या-चौथ्या आयनीकरण ऊर्जांचे, म्हणजे तिसरा-चौथा इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जांचे, आकडे मांडायचे ही दुसरी. कोल्हापुरात शिकवण्या घेताना मी दोन्ही वाटांनी गेलो आहे.

पहिली वाट जलद आहे, यात वाद नाही. +४ सिरिअममध्ये ४एफ रिकामी होते, +२ युरोपिअम व +४ टर्बिअममध्ये ७ इलेक्ट्रॉन राहतात, +२ यटर्बिअममध्ये १४. सेरिक, म्हणजे +४ सिरिअमच्या, क्षाराचे अनुमापन (मोजून मिसळण्याचा प्रयोग) स्वतः केलेल्या मुलांना यातले सिरिअम तर पाठही करावे लागत नाही.

मला अडवले ते प्रेसिओडायमिअमने. त्याचे फिकट हिरवे ऑक्साइड हवेत तापवले की काळपट होते, कारण दर ६ अणूंपैकी ४ अणू +४ अवस्थेत जातात. पण तिथे ४एफमध्ये १ इलेक्ट्रॉन उरलेलाच असतो. दरवर्षी कोणीतरी नेमके हेच विचारते, आणि ‘जवळपास रिकामी’ असे उत्तर देताना माझेच समाधान होत नसे. ते उत्तर ‘जवळपास अर्धपूर्ण’ असे करून +२ समॅरिअमच्या ६ इलेक्ट्रॉनांपर्यंत कसेबसे ताणता येते, पण निओडायमिअमच्या डायक्लोराइडमधील (तेही +२) ४ इलेक्ट्रॉनांपाशी पुरते संपते.

चौथ्या आयनीकरण ऊर्जा पाहिल्या तेव्हा हा पेच सुटला. किलोज्यूल प्रति मोलमध्ये सिरिअमची सुमारे ३५५०, प्रेसिओडायमिअमची ३७६०, टर्बिअमची ३८४० आणि निओडायमिअमची ३९०० आहे. +४ ऑक्साइडे पहिल्या तिघांनाच सहज मिळतात. तिसऱ्या ऊर्जेत युरोपिअम २४०० च्या पुढे आहे, म्हणून ते +२ वर थांबू शकते, तर शेजारचे गॅडोलिनिअम २००० च्या आत. अर्थात एवढ्यावर थांबता येत नाही. यटर्बिअमचा आकडा युरोपिअमपेक्षा किंचित जास्त असूनही +२ यटर्बिअमच अधिक तीव्र क्षपणक (दुसऱ्याला इलेक्ट्रॉन देणारे) ठरते, कारण त्याच्या लहान +३ आयनाची जलयोजन ऊर्जा (आयनाभोवती पाणी जमताना सुटणारी ऊर्जा) मोठी असते. हा हिशेब वेळखाऊ आहे, हे मान्य केले पाहिजे.

शिवाजी विद्यापीठाची परीक्षा आठवड्यावर आली असेल, तर संरूपणाचा नियम बहुधा पुरेल. वेळ हाताशी असेल, तर मात्र आकड्यांचा तक्ता घ्यावा, असे मला वाटते. अर्धपूर्ण कक्षिकेचे स्थैर्य त्यातही युरोपिअम ते गॅडोलिनिअम या मोठ्या उतारात दिसतेच. मी स्वतः आता हा धडा प्रेसिओडायमिअमपासून सुरू करतो, आणि सिरिअम त्यानंतर घेतो.