प्रॉक्समॉक्सचं एसडीएन: ओव्हरले छान, पण एमटीयू आधी तपासा

नवी व्हीएलॅन (त्याच स्विचांवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क) हवी म्हणून नेटवर्कवाल्यांकडे तिकीट टाकायचं, त्यांनी ती प्रत्येक स्विचच्या ट्रंकवर (अनेक व्हीएलॅन वाहणाऱ्या पोर्टवर) चढवायची, आणि एखादा पोर्ट राहून गेला की त्या नोडवर (सर्व्हरवर) सरकलेली व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, मुकी व्हायची. या रोजच्या कटकटीवर प्रॉक्समॉक्स व्हीई या व्हर्च्युअलायझेशन प्लॅटफॉर्ममधलं एसडीएन (सॉफ्टवेअरमधून मांडलेलं नेटवर्क) हा चांगला आणि स्वस्तातला उतारा आहे. नोव्हेंबर २०२३ च्या ८.१ आवृत्तीपासून ते मूळ इन्स्टॉलमध्येच येतं. वेगळं लायसन्स लागत नाही.

त्यातलं व्हीएक्सलॅन हे ओव्हरले आहे, म्हणजे असलेल्या नेटवर्कवर चढवलेलं आभासी नेटवर्क. व्हीएमची ईथरनेट फ्रेम यूडीपी पॅकेटात गुंडाळून ४७८९ पोर्टवर दुसऱ्या नोडकडे जाते. मधल्या स्विचना फक्त नोडचे आयपी दिसतात, व्हीएमचे मॅक (नेटवर्क कार्डांचे पत्ते) लक्षात ठेवायचं ओझं उतरतं. व्हीएलॅनचा नंबर १२ बिटांचा, ४०९४ वर संपतो. व्हीएक्सलॅनचा २४ बिटांचा, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या वर. एवढे लागतात कुणाला? खरी कमाई अशी की रॅकांमध्ये साधं राउटिंग ठेवूनही व्हीएम आपला आयपी घेऊन कुठेही जाते.

मांडणी सोपी आहे. डेटासेंटरखालच्या एसडीएनमध्ये व्हीएक्सलॅन झोन करा, पीअर्समध्ये सगळ्या नोडचे आयपी भरा, व्हीनेट (व्हीएम जोडायचं आभासी नेटवर्क) करून टॅग, म्हणजे व्हीएक्सलॅनचा नंबर, द्या आणि अप्लाय दाबा. अप्लाय दाबेपर्यंत बदल नुसते पेंडिंग राहतात, हे नवखे हमखास विसरतात. व्हीनेटचं नाव ८ अक्षरांपुढे जात नाही. ही मर्यादा चिडचिड करायला लावते, लांब नाव एलियासमध्ये टाका. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलं असेल तर इंटरफेसेस फाइलच्या शेवटी ‘इंटरफेसेस.डी’ फोल्डरची सोर्स ओळ आहे का पाहा. ती नसेल तर व्हीनेट नोडवर उगवतच नाही.

आता खरं दुखणं: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. गुंडाळताना हेडर वाढतात: बाहेरचा आयपी २० बाइट, यूडीपी ८, व्हीएक्सलॅन ८, आतली ईथरनेट १४: एकूण ५०. खालचं नेटवर्क १५०० वर असेल तर झोनला १४५० द्या. झोन १४५० वर आणि व्हीएम १५०० वर राहिली की पिंग चालतो, डीएनएस उत्तर देतं, पण एसएसएच की-एक्स्चेंजवर अडकतं आणि मोठी फाइल कॉपी जागची हलत नाही. मोठी फ्रेम ब्रिजवरच गुपचूप टाकली जाते, कुणी एरर परत पाठवत नाही. व्हीएमच्या व्हर्टिओ (आभासी) नेटवर्क कार्डाच्या एमटीयू रकान्यात १ लिहा, म्हणजे व्हीएमला ब्रिजचाच एमटीयू मिळतो. मग व्हीएममधून फ्रॅगमेंट न करण्याचा पर्याय लावून पिंग मारा: १४२२ बाइटचा (उरलेले २८ हेडरचे) जायला हवा, १४२३ चा अडकायला हवा. व्हीएमला १५०० च हवेत तर खालचं नेटवर्क किमान १५५० वर न्या, आणि दोन स्विचमधल्या लिंका विसरू नका. नोडवरून १५२२ चा पिंग गेला तरच ते जमलं समजा.

साध्या व्हीएक्सलॅन झोनमध्ये प्रत्येक ब्रॉडकास्टची प्रत एकेका पीअरला जाते. चार-पाच नोडना चालतं. पुढे ईव्हीपीएन घ्या, म्हणजे कोण कुठे आहे हे नोड एकमेकांना बीजीपी या राउटिंग प्रोटोकॉलने कळवतात. त्यासाठी प्रत्येक नोडवर एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरचं पायथनटूल्स पॅकेज टाकून एफआरआरची सर्व्हिस चालू करा आणि कंट्रोलरला ६५००० सारखा खासगी एएस नंबर (बीजीपीमधली नेटवर्कची ओळख) द्या. कुठला मॅक कुठल्या नोडवर हे बीजीपी सांगतं, गेटवे प्रत्येक नोडवर असतो, आणि दोन ग्राहकांना वेगळे झोन दिले की दोघांनी तीच आयपी रेंज वापरली तरी टक्कर होत नाही. बाहेरची रहदारी मात्र एक्झिट नोडमधून (बाहेर पडण्यासाठी नेमलेल्या नोडमधून) जाते; प्रायमरी एकच नेमलात तर गर्दी तिथेच होणार. दोन एक्झिट नोड ठेवलेत तर रिव्हर्स पाथ फिल्टर बंद करा, नाहीतर एकीकडून गेलेल्या पॅकेटचं दुसरीकडून आलेलं उत्तर कर्नल फेकून देतं.

व्हीएक्सलॅनमध्ये एन्क्रिप्शन नाही, हेही लक्षात असू द्या. त्यासाठी आयपीसेक (आयपी पातळीवरचं एन्क्रिप्शन) चढवायचं तर आयपीव्ही४ वर आणखी ६० बाइट सोडा, म्हणजे झोनचा एमटीयू १३९०. नेटवर्क कार्डाला व्हीएक्सलॅन ऑफलोड (हे काम कार्डानेच करणं) येत नसेल तर गुंडाळण्याचा भार सीपीयूवर पडतो, खरेदीआधीच विचारा. कोरोसिंक (क्लस्टरचा आपसातला संवाद) आणि सेफ (सामाईक स्टोरेज) यांची रहदारी ओव्हरलेवर चुकूनही ठेवू नका.

एकाच रॅकमध्ये तीन नोड असतील तर यातलं काही लागत नाही. त्याच एसडीएनमधला व्हीएलॅन झोन घ्या, एमटीयूला हातही लावावा लागणार नाही.