अल्गार्वचं परस की स्विंडनची काचेची खोली? थंड मुलखात आंबा लावण्यापूर्वी

मे महिन्यात माळ्यावर मानकुराद, म्हणजे आमचे गोव्याचे आंबे, पिकायला घातले की परदेशी गेलेल्या आमच्या मुलांचे फोन वाढतात. यंदा दोन फोन एकाच आठवड्यात आले. भाचा पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला, अल्गार्वमध्ये राहतो, घराला लहानसं परस आहे. भाची इंग्लंडात स्विंडनला, तिच्याकडे जमीन नाही, पण घरामागे काचेची खोली आहे. दोघांचा प्रश्न एकच, "मामा, इथे आंबा धरेल?" फोंड्याकडे इतकी वर्षं कलमं बांधण्यात गेली, तरी उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. आणि दोघांना दोन वेगळी उत्तरं दिली.

थंडी ही आंब्याची वैरीण आहे, असं सरसकट म्हणणं खरं नाही. डिसेंबरात चार रात्री गार गेल्या की कलमं मोहरतात, म्हणून आपण थंडीची वाटच बघत असतो. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली गेलं की झाड पालवी सोडून मोहराकडे वळतं. अडचण पुढे आहे. मोहर फुलल्यावरही रात्री तशाच गार राहिल्या, तर पराग निकामी होतो. फळ धरत नाही, धरलंच तर पोटात बाठा (कोय) नसलेलं, खुरटं राहतं. धुक्यात मोहरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, कशी बसते ते आपण गोव्यात बघतोच. त्या गारठ्याचा मुक्काम महिनाभर वाढला तर काय होईल, याची कल्पना करा.

म्हणून "हिवाळ्यात झाड मरेल का?" हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. मोठं झाड शून्याखालचे एकदोन अंश थोडा वेळ सोसतं, कोवळं कलम मात्र तेवढ्याने करपतं. पहिला प्रश्न हा, की मोहर फुलतो त्या महिन्यात रात्र किती अंशांची असते?

अल्गार्वचं उत्तर आशादायक आहे. फारो शहरात जानेवारीच्या रात्री साधारण ८ अंशांच्या, दिवस १६ अंशांचे. किनाऱ्यालगत दहिवर गोठण्याचे प्रसंग क्वचितच येतात. शेजारी स्पेनमध्ये मालागा आणि ग्रानादाच्या किनाऱ्यावर तर आंब्याच्या बागाच उभ्या आहेत आणि तिथे व्यापारी पीक निघतं. तिकडची एक रीत ऐकून मला आधी धस्स झालं. लवकर आलेला पहिला मोहर ते हाताने खुडून टाकतात. आपल्याकडे मोहराला धक्का लागला तरी जीव हळहळतो. पण कारण बिनतोड आहे. पहिला मोहर गारठ्यात वाया जाणार असतो, तो काढला की झाड ऊब आल्यावर दुसरा मोहर काढतं, आणि त्याला फळ धरतं. ते फळ उतरतं सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आपल्या चवथ-दसऱ्याच्या सुमारास!

भाच्याला मी सर्वांत जास्त बजावलं ते लावणीच्या वेळेबद्दल. आपण मृगाचा पाऊस पडला की कलम लावतो. ही सवय तिथे घात करील. अल्गार्वमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. गार माती, त्यात साचलेलं पाणी, म्हणजे मुळं कुजलीच. लावणी एप्रिल-मेमध्ये करायची, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी, म्हणजे दिवसभर तापलेली भिंत रात्री थोडी ऊब देते. उन्हाळाभर नेमाने पाणी घालायचं, हिवाळ्यात जवळजवळ बंद. पहिले दोन-तीन हिवाळे कलमावर छप्पर करायचं. पंजाबकडेही कोवळ्या आंब्यावर गवताचं छप्पर घालतात.

स्विंडनचा हिशेब निराळा. तिथे जानेवारीची रात्र सरासरी एकदोन अंशांवर येते आणि ऐन उन्हाळ्यातला दिवसही २२ अंशांच्या आसपास घुटमळतो. जमिनीत लावण्याचा विचारच नको. राहिली कुंडी. ती जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर उन्हात, बाकी वर्ष काचेआड. काचेआड आंबा होतच नाही असं नाही. जपानमध्ये मियाझाकीला तापवलेल्या प्लास्टिकच्या घरांत आयर्विन जातीचा आंबा पिकवतात, फळागणिक जाळी बांधतात, परागीकरणासाठी मधमाश्या सोडतात. पण ते आंबे अतिशय महाग विकले जातात, म्हणून तो खर्च निघतो. भाचीला दोन फळांसाठी हिवाळाभर खोली तापवावी लागेल, वर डिसेंबरातला अपुरा उजेड आहेच. शिवाय कुंडीतली बरीच झाडं थंडीने मरत नाहीत, मायेने घातलेल्या जादा पाण्याने मरतात.

आता जात. दोघांनाही मानकुराद हवा, आणि ते मला समजतं. नावही पोर्तुगीज, 'मालकोरादो' म्हणजे रंग न चढलेला. २०२३मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही मी नको म्हटलं. झाड अवाढव्य वाढतं, एक वर्ष धरतं, एक वर्ष रुसतं. अल्गार्वमध्ये ऑस्टीन लावावा. स्पेनच्या बागांत तोच मुख्य आहे, उशिरा पिकतो, रेषा कमी. मानकुरादाचा घमघमाट त्याला नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. कुंडीसाठी माझी पसंती आम्रपालीला. दशहरी आणि नीलमच्या संकरातून आलेली ही जात ठेंगणी आहे आणि दरवर्षी धरते. तिकडच्या रोपवाटिकेत मिळाली तरच घ्यावी. इथून पिशवीत कलम घालून नेऊ नये. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते बेकायदा आहे, आणि आपली कीड तिकडे पोचवण्याचं पाप कोणी घ्यावं?

बाठा रुजवणं पोरांना आवडतं, झाडही सुंदर दिसतं. पण मानकुरादाच्या बाठ्यातून मानकुराद येईल याची खात्री नाही, आणि फळासाठी सहा-आठ वर्षं थांबावं लागतं. कलम तीन-चार वर्षांत धरतं. फळ हवं असेल तर कलमच.

भाच्याने ऑस्टीनचं कलम सांगून ठेवलंय, खड्डा पुढच्या एप्रिलात. भाचीला मी काचेच्या खोलीत तापमापक टांगायला सांगितलाय. डिसेंबर आणि जानेवारीतल्या पहाटेचे आकडे ती मला पाठवणार आहे. पारा १२च्या खाली उतरला नाही, तर कुंडी घ्यायची.