दहावीनंतर आयटीआय की अकरावी सायन्स?

माझ्या भाच्याची दहावी झाली आणि नागपुरातल्या आमच्या घरात रोज हाच विषय.

अकरावी सायन्स म्हणजे दोन वर्षं कॉलेज, बहुतेकांना सोबत क्लासेस, मग सीईटी, जेईई किंवा नीट. ज्याला पुस्तकात गोडी आहे, त्याने खुशाल जावं. पण नुसती बारावी हातात असली की पुढचं शिक्षण घ्यावंच लागतं.

आयटीआयचं तसं नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे. फिटरचं पोरगं सुरुवातीला कानस घेऊन लोखंडाचा तुकडा घासत बसतं. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून उजेडात धरायचं, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. हात असाच बसतो. पुढे अ‍ॅप्रेंटिसशिप, तीही स्टायपेंडसह. बुटीबोरी, हिंगण्याची एमआयडीसी जवळच आहे.

'आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं' हे मात्र साफ चूक. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, तिथून इंजिनीअरिंगलाही. गणित तेवढं सोडायचं नाही, तिथेच मुलं अडतात.

भाचा घरातला कूलर स्वतः उघडून पंप बदलतो. मी ताईला आयटीआयच सांगितलं.