हँगिंग मोटर आणि रबरी चाके: जास्तीचे सोल्डर काढताना काय कामाला आले

दिवाळीनंतर घेतलेली हँगिंग मोटर (वर टांगलेली, पायाच्या पेडलने चालणारी, लवचिक दांड्याच्या टोकाला चाक लावायची) आणि तिची सिलिकॉनची रबरी चाके होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराची घाई, लग्नसराई आणि आखाजी (अक्षय तृतीया) असे सगळे हंगाम पाहून बसली आहेत. आमचे काम धुळ्यात, बहुतेक चांदीचे. कडी, वाळे, जोडवी आणि बरीचशी दुरुस्ती. टाक्याभोवती, म्हणजे सांधा जोडलेल्या जागी, सोल्डर (जोडणारा मिश्रधातू) पसरून जी पिवळट कड राहते ती काढायला हा संच कितपत उपयोगी, एवढ्यापुरतेच लिहितो.

जोडव्याची आतली बाजू, साखळीच्या कडीचा सांधा, दाण्यांमधली फट, इथे कानस जातच नाही. सुरीसारख्या धारेचे चाक तिथे बरोबर शिरते आणि मागे ओरखडे फार ठेवत नाही. चाकाचा दांडा २.३५ मिलिमीटरचा, त्यामुळे कुठल्याही कंपनीचे चाक बसते. धार लवकर बोथट होते, पण चालू चाक जुन्या कानशीवर टेकवले की पुन्हा तयार.

जाड थर मात्र या चाकाने काढायला जाऊ नका. चांदीच्या सोल्डरमध्ये तांबे आणि जस्त असते, म्हणून ते शुद्ध चांदीपेक्षा कडक. मऊ रबर कडक जागेवरून सरकते आणि शेजारची चांदी खाते. घासताना काही कळत नाही. पॉलिश करून दिव्याखाली धरले की टाक्याच्या दोन्ही अंगांना खळगी दिसते, आणि ती भरून काढणे अवघड. म्हणून आमच्याकडे आधी खरवडणी चालते, जुन्या तिकोनी कानशीचे दात घासून तीन धारा काढलेली. मग ४०० आणि ६०० नंबरचा पेपर काडीला गुंडाळून. चाक शेवटी, तेही हळू. मोटर १८,००० फेऱ्यांची असली तरी पायाने जेमतेम दाबायची. वेगात रबर तापते आणि दागिन्यावर काळा डाग धरते.

सोल्डर खरेच निघाले का, हे पांढऱ्या पॉलिशवर समजत नाही. वस्तू ऑक्सिडाइज करून, म्हणजे रसायनाने काळी करून बघा. राहिलेले सोल्डर वेगळ्या छटेचे दिसते आणि गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला सापडते.

आबांना हा सगळा खटाटोप पटत नाही. मोटर पाहून त्यांचे एवढेच म्हणणे, "मशीन चांगलं शे, पन कानस इकू नको." त्यांच्या हातचा टाका साफ करावाच लागत नाही, हे मान्यच करावे लागते. सोल्डरचा तुकडा मोहरीहून लहान, सांधा आधी फटीशिवाय बसवलेला, टाकणखार फक्त सांध्यापुरता, आणि जाळ सोल्डरवर न धरता आख्ख्या वस्तूवर फिरवायचा. सोल्डर उष्णतेकडे धावते. जिथे जायला नको तिथे गेरूचा लेप. हे पाळले तर चाकांचा खर्च निम्म्याने कमी होईल.

दुरुस्तीच्या मालाची गोष्ट वेगळी. सातपुड्याकडून येणाऱ्या जुन्या कड्यांवर कधीकधी कथील-शिशाचा करडा टाका असतो. त्यावर चाक फिरवले तर शिसे सगळीकडे लेपते, आणि तशीच कडी भट्टीच्या जाळात धरली तर शिसे चांदीत शिरून खड्डे पाडते. आधी अगदी मंद आच देऊन ते वितळताच पुसून टाकायचे, उरलेले खरवडायचे, मगच चांदीचे सोल्डर. इथे मोटरला हातही लावत नाही.

मोटरबद्दल तक्रार एकच, पायातला पेडल. कमी वेगावर तो तापतो, आणि मे महिन्यात धुळ्यात आधीच अंगाची काहिली होत असताना दुपारी त्यावर पाय ठेववत नाही. लवचिक दांड्याला अधूनमधून ग्रीस लागते, मोटरमधले कार्बन (ब्रश) बदलावे लागतात. त्यात काही विशेष नाही.

चाकाची धूळ बारीक आणि कोरडी, मास्कशिवाय बसू नये. कानशीचा कीस थेट आटवता येतो, पण या धुळीत रबर, चांदी आणि सोल्डर एकत्र असते. ती वेगळ्या डब्यात ठेवतो, झारेकऱ्यालाही (धुळीतून चांदी काढणाऱ्याला) वेगळीच दाखवतो, नाहीतर चांगल्या किसाचा टंच, म्हणजे शुद्धता, उतरतो. चाके पुन्हा मागवताना सुरीधार आणि टोकदार एवढीच मागवणार. चपटी जाड चाके डब्यात जशीच्या तशी पडून आहेत.